आठशे बाय सहाशे

उमरावांची तेरवी आटोपली, पाहुणे जेवून आपापल्या गाड्यांना लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधराम अंगणात येऊन उभा राहिला. काम साधंच होतं, पण बोलायला त्याला जड जात होतं. उमराव, रेणूचे बाबा, गावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणत्या दिवशी कोणाच्या बांधीत, धानाच्या शेतात, जायचं, ती पाळी तेच लावत आणि तेच लिहून ठेवत. उन्हाळी धानासाठी तुडुम, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधातलं, पारीतलं, पाण्याचं दार, उघडायला आठ दिवस उरले होते. आणि पाळीची यादी उमरावांच्या लॅपटॉपमध्ये होती.

"घाई नाई, रेणू," दुधराम म्हणाला. "पण शेवटची बांधी माजी हाये. यादी नसली तं पाणी माज्यापावतर येतच नाई. वरचेच पिऊन टाकतात."

"आजच काढून देते, काका."

"तुज्या बाबाचं बरं होतं. तुडुमापाशी उभं राहून ‘पोचलं का रे?’ म्हणून वरडलं, तं मी भिडेनं ‘पोचलं’च म्हणो. म्हाताऱ्याले ते मालूम होतं. बांधाबांधानं चालत येऊन पाय बुडवून पाहे, मंगच दुसऱ्याची पाळी लावे." एवढं बोलून त्यानं खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावला आणि चहा न घेताच गेला.

रेणूनं कपाटातून लॅपटॉप काढला. वर आईनं, कुंदाबाईनं, शिवलेलं फुलाफुलांचं कापड होतं. बाप गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. तिनं तो सपरीतल्या, ओसरीवरच्या, टेबलावर ठेवून सुरू केला आणि स्क्रीनकडे पाहताच तिला आधी ओळखीचीच चीड आली. पुन्हा तेच. चार-पाच चिन्हांनीच अर्धी स्क्रीन भरलेली. अक्षरं अंगठ्याएवढी आणि कडांना पुसट, ओल्या कागदावर शाई फुटावी तशी. मागे तिचाच पदवी घेतानाचा फोटो होता, तोही आडवा ताणला जाऊन गालफडं फुगलेली.

आठशे बाय सहाशे ठिपके, स्क्रीनचं सगळ्यात लहान माप.

हा लॅपटॉप तिनंच घेऊन दिला होता, दोन हजार अकराच्या दिवाळीत. पुण्याच्या कंपनीत कायम झाल्यावरची तिची पहिली मोठी खरेदी. घरात एकच यंत्र येणार आणि ते दोघांना पुरायचं होतं. बाबांना तलावाची माहिती लिहून काढायची होती. त्यांच्या कोहळी समाजातल्या पूर्वजांनी तो कसा बांधला, पार कुठून कुठवर, जास्तीचं पाणी कुठून वाहून जातं, पाळीचे नियम काय, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि कागदावर कुठेच नव्हतं. धाकट्या भावाला, योगराजला, कॉलेजचं काम होतं, असं तो म्हणायचा. खरं म्हणजे त्याला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा होता.

तिघं केशोरीहून बसनं गोंदियाला गेले होते. दुकानदार टेकचंद हिंदीत बोलणारा, तोंडात सुपारी, पण धंद्यात मुरलेला. त्यानं दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही पंधरा इंची. एकाची स्क्रीन तेराशे सहासष्ट बाय सातशे अडुसष्ट ठिपक्यांची, दुसऱ्याची एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशीची, म्हणजे फुल एचडी.

"देखो मॅडम," तो म्हणाला, "घर के लिए तो ये पहलावाला ही सही है. अक्षर बडे दिखते हैं. और गेम भी आराम से चलेगा. इतने में जो ग्राफिक कार्ड मिलता है ना, वो फुल एचडी का बोझ नहीं उठाता."

रेणूला हसू आलं होतं. ती कंपनीत दिवसभर हेच करायची. वेबसाईटची पानं वेगवेगळ्या स्क्रीनवर नीट दिसतात की नाही ते तपासायची, ठिपके मोजायची. गोंदियाच्या बाजारात सुपारी चघळणारा माणूस तिला स्क्रीन शिकवणार?

"ठिपके जास्त तेवढं चित्र सुबक," ती बाबांना म्हणाली. "हा स्वस्तातला आहे. दोन वर्षांनी जुना वाटेल. आपण चांगला घेऊ."

उमराव दोन्हींकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनी पहिल्याकडे बोट केलं होतं. हे तिला नीट आठवत होतं. बोट केलं होतं आणि म्हणाले होते, "हा बरा दिसून राहिला."

"बाबा, तो हलका आहे. इकडे बघा. किती रेखीव आहे. दिसतं ना?"

उमराव थोडे पुढे वाकले, मग सरळ झाले. "दिसते ना. काऊन नाई दिसत?"

"मग हाच."

"हाच द्या," ते टेकचंदला म्हणाले. "आमची पोरगी यातलीच हाये. तिले समजते." आणि इतक्या अभिमानानं म्हणाले, की टेकचंदनं पहिला लॅपटॉप मुकाट्यानं मिटून टाकला.

पुढच्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा बाबांची चाळीस पानं लिहून झाली होती. योगराजनं कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवून दिले होते आणि एका बोटानं ठोकत ठोकत त्यांनी तलाव सांडव्यापर्यंत आणला होता. त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि वाचून दाखवायला सुरुवात केली. आवाज खणखणीत. तुडुमाचं लाकूड बिजा झाडाचंच का लागतं, ते पाण्यात किती वर्षं टिकतं, त्याच्या खुंट्या किती आणि कोणती खुंटी कधी काढायची. रेणू स्क्रीनकडे बघत होती. समोरचं पान सांडव्याचं होतं. तुडुम चार पानं मागे राहिलं होतं.

"बाबा, पान पुढे गेलंय."

उमराव एक क्षण थांबले. मग मोठ्यानं हसले. "मीच लिवलं ना? पाठ हाये मले. पान कायले पायजे?"

तीही हसली. आतून कुंदाबाई म्हणाली, "पाठच हाये त्यायले. बायकोनं सांगतलेलं सामान तेवढं पाठ नाई होत." मग सगळेच हसले आणि ते तिथंच राहिलं.

त्यानंतरच्या जूनमध्ये सडक अर्जुनीला मैत्रिणीचं लग्न निघालं. ती रायपूरकडच्या गाडीनं हायवेवर उतरली, लग्न आटोपलं आणि कोणाला न कळवता दुपारी घरी येऊन धडकली. लॅपटॉप उघडाच होता. हीच अंगठ्याएवढी अक्षरं, हाच ताणलेला फोटो.

"हे कोणी केलं?"

उमराव बाजेवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही. योगराजनं बापाकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"मी केलं, ताई. गेम अटकते ना मोठ्यावर."

ते तिला लगेच पटलं, कारण ते खरंच होतं. ठिपके कमी केले की गेम सुरळीत पळतो, हे तिला टेकचंदपेक्षाही चांगलं माहीत होतं. तिनं योगराजला उभ्यानं व्याख्यान दिलं. प्रत्येक स्क्रीनचं एक मूळ माप असतं. त्याच मापावर ती स्वच्छ दिसते, इतर कुठल्याही मापावर चित्र फाटतं. गेम खेळायचा तर त्या गेमच्या आत शिरून तेवढ्यापुरतं माप कमी कर, आख्खी स्क्रीन कशाला बिघडवतोस? आणि बाबांना या असल्या पुसट अक्षरांत काम करावं लागतं, त्यांचे डोळे खराब करतोस तू.

"बाबाचे डोये..." योगराजनं सुरुवात केली.

"आईक ताईचं," उमराव म्हणाले. खर्रा चोळणं चालूच होतं. "आन् तूबी सोड आता रेणू. पोरगं हाये, खेयलं थोडंसं."

तिनं स्वतः माप पुन्हा एकोणीसशे वीसवर नेलं. अक्षरं बारीक झाली, मुंग्यांची रांग लागावी तशी स्वच्छ. फोटोतली रेणू पुन्हा सडपातळ झाली.

कुंदाबाई चहा घेऊन आली होती. ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "ते जाडीच चांगली दिसत होती वं. अंगानं भरलेली."

त्याच महिन्यात पुण्याला एक मीटिंग झाली होती. कोणत्या मापांवर वेबसाईटची पानं तपासायची ती यादी फार लांबली होती. रेणूनंच सुचवलं, की आठशे बाय सहाशे काढून टाकू. एवढ्या लहान मापावर आता बघतं कोण? सगळ्यांना ते पटलं. तिनं त्या ओळीवर रेघ मारली.

जानेवारीत फोन आला. बाबा पारीवर चालता चालता खाली बसले आणि मग उठले नाहीत. ती पुण्याहून पोचली तेव्हा ते गोंदियाच्या दवाखान्यात नळ्यांमध्ये होते. तिनं हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, आवाजाच्या बाजूला वळवले, आणि तिच्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघत राहिले. तिला वाटलं, गुंगीत आहेत.

डॉक्टर वयानं तिच्याएवढाच होता. त्यानं तिला बाजूला घेतलं. साखर चारशेच्या वर होती. हृदय, किडनी, सगळ्यांवर तिचा मार होता. "ही आजची नाही," तो म्हणाला. "चार-पाच वर्षं अंगात मुरलेली दिसते. कधी तपासलं नव्हतं? बहुतेकांना आधी डोळ्यांनी कळतं. दिसायला त्रास होतो, असं काही म्हणायचे का?"

"नाही," रेणू म्हणाली. तिला अगदी खात्री होती. "डोळे उत्तम होते त्यांचे. कॉम्प्युटरवर इतकी बारीक अक्षरं वाचायचे."

डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं. दोन दिवसांनी उमराव गेले.

आता तीच स्क्रीन तिच्यासमोर होती. तिनं यादी शोधली. फाईल उघडली तेव्हा एका पानावर जेमतेम सहा नावं मावत होती, कारण आधीच मोठ्या केलेल्या स्क्रीनवर बाबांनी अक्षरंही छत्तीसच्या आकाराची घेतली होती. नावांमध्ये चुका होत्या. ‘दुधराम’मधला ‘ध’ दोनदा पडला होता. चाळीस पानांत एक काना न चुकवणाऱ्या माणसाची ती यादी होती.

योगराज सायकल लावून आत आला आणि उघड्या लॅपटॉपकडे बघून उंबऱ्यातच थांबला.

"अजून खेळतोस यावर?" तिनं विचारलं.

"नाई. वरीसभर झालं सोडून."

"वर्षभर?" रेणूनं मनातल्या मनात जूनपर्यंत मागे मोजलं. ती जूनमध्ये आली होती त्याला आठच महिने होत होते. "मग जूनमध्ये गेम अटकतो म्हणालास तो?"

योगराजनं पायातल्या चपला काढल्या, नीट जुळवून ठेवल्या, आणि तिच्याकडे न बघता बोलला. "ते गेमसाठी नोहोतं, ताई. बाबासाठी होतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात बाबा म्हणाले होते, अक्षर जरा मोठं होते का रे? त्यानं माप एक पायरी उतरवून दिलं. पोळ्याच्या सुमाराला पुन्हा म्हणाले. त्यानं हजार चोवीसवर आणलं. पुढच्या होळीला आठशेवर. त्यानंतर एकदा म्हणाले तेव्हा योगराजला सांगावं लागलं, की बाबा, याच्या खाली पायरीच नाही. तेव्हा उमरावांनी खुर्ची टेबलाला भिडवली आणि नाक स्क्रीनला लागेल इतक्या जवळून लिहायला लागले.

"पण मी दिवाळीत आले होते. तेव्हा तर बरोबर होतं."

"तुजा फोन आला का बाबा म्हणे, ताईचं करून ठेव. तू बसमधी बसली का मी करून ठेवो. तू गेली का पुन्हा बाबाचं. जूनमधी तू फोनच नाई केला."

घरात या दोन मापांना नावं पडली होती. ताईचं आणि बाबाचं. आईलासुद्धा ती माहीत होती.

"मला सांगितलं का नाही?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर योगराजला सोपं गेलं असतं.

"मी म्हणलं होतं, ताईले सांगू. तं रागावले. म्हणे, लेकीनं देल्लं हाये, लेकीच्या वस्तूत खोट काढाची नसते. तिले वाटन, आपण चुकीचं घेतलं." त्यानं जुळलेल्या चपला पायानं पुन्हा जुळवल्या. "तुले मालूम हाये ना त्यायचं. लेकीच्या घरचं म्हणून आजा आत्याच्या घरी पाणीबी नाई पे. बाबा म्हणे, मी तं लेकीचं एवढं मोठं घेतलं, वरून नावं ठेवू का?"

"आणि डोळ्यांचं? तुला वाटलं नाही, की माणसाचे डोळे दीड वर्षात इतके उतरतात कसे?"

"मले वाटलं वयच हाये," योगराज म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आन् मले वाटलं, तुनं घेतलेली स्क्रीनच बारीक हाये. डोये खराब नाई, स्क्रीनच तशी हाये. सगळे तेच म्हणत होतो आमी."

रेणू लॅपटॉपकडे वळली. तिनं सेटिंगची खिडकी उघडली. माप एकोणीसशे वीसवर नेलं. मग त्याच्याच खालच्या ओळीवर गेली. तिथं अक्षरांचा आकार होता. शंभर टक्के, सव्वाशे, दीडशे. तिनं दीडशेवर खूण केली आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. दोघंही तो सुरू होण्याची वाट बघत उभे राहिले.

स्क्रीन उजळली. अक्षरं मोठी होती, आणि कापून काढल्यासारखी स्वच्छ. तिनं यादी उघडली. ‘दुधराम’ हे नाव दारातूनही वाचता येत होतं. फोटोतली रेणू सडपातळच होती.

योगराज दारापर्यंत मागे जाऊन तिथून वाचून आला.

"असंबी होते, ताई?"

"होतं."

"एवढंच कराचं होतं?"

तिनं मान डोलावली. तिला माहीत होतं, की एवढ्यानं बाबा वाचले नसते. पण कोणी तिला हे दोन क्लिक करायला बोलावलं असतं, तर तिनं विचारलं असतं, की दीडशे कशाला लागतं? मग सहा महिन्यांनी दीडशेही का पुरत नाही? आणि मग ती त्यांना गोंदियाला घेऊन गेली असती. गेली असती का? की दोन क्लिक करून पुढच्या बसनं पुण्याला निघाली असती? सांडव्याच्या पानावर तुडुम ऐकून ती हसली होतीच.

दुपारी तिनं पाळीची यादी वहीत उतरवली. ‘दुधराम’ एका ‘ध’चा करून शेवटी लिहिलं. मग बाबांची चाळीस पानं उघडून बसली. कुंदाबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिनं तिथूनच विचारलं, "काय वाचून राहिली वं?"

"बाबांचं लिहिलेलं. तुला दिसतं का तिथून?"

"दिसते ना," कुंदाबाई म्हणाली. सूप हलतच राहिलं. "काऊन नाई दिसत?"

रेणूचा हात कीबोर्डवर थांबला. तोच सूर, तेच शब्द, तितक्याच सहज. ती उठली. लॅपटॉप उचलून आईजवळ गेली, जमिनीवर तिच्या शेजारी बसली आणि तो दोघींच्या मध्ये ठेवला.

"वाच."

"आता? माजे हात भरले हायेत."

"हात नाही लागत. वाच ना, माय."

कुंदाबाई चौथीपर्यंत शिकलेली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि मुलीची समजूत काढावी तशी वाचायला लागली. "तलाव... हा... आपल्या..." पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत ती एका शब्दावर अडली, तो सोडून पुढच्यावर गेली. तिसऱ्या ओळीला थांबली. मान थोडी मागे घेतली, मग पुढे आणली. अक्षरं बोटाएवढी होती. स्वच्छ होती. स्क्रीनला दोष द्यायला आता काही उरलं नव्हतं.

"थांब," कुंदाबाई म्हणाली. "चश्मा आणतो."

"तुझ्याकडे कुठं आहे चश्मा?"

"तुज्या बाबाचा हाये ना, तुज्यासमोर लावत नोहोते. तोच लावतो मी. सुई ओवाले लागते."

रेणूनं तिला उठू दिलं नाही. मनगट धरून ठेवलं. "कधीपासून?"

"काय कधीपासून? मले काई नाई झालं. सोड, तांदूय राहिले."

"दिवसातून किती वेळा पाणी पितेस? पायाला मुंग्या येतात का?"

"आता काय तू डॉक्टर झाली?"

"उद्या पहिल्या बसनं गोंदियाला जाऊ."

"कायले? मले दिसते म्हणलं ना."

"म्हणालीस," रेणू म्हणाली. "बाबाही म्हणाले होते."

कुंदाबाई तिच्याकडे बघत राहिली. इतक्या जवळून तरी तिला लेकीचा चेहरा स्पष्ट दिसत होता की नाही, कोण जाणे. मग तिनं मनगट सोडवून घेतलं नाही, तसंच ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं स्क्रीनवरच्या तिसऱ्या ओळीवर बोट टेकवून म्हणाली, "हे नाई दिसत."

मग बोट एक ओळ वर सरकलं.

"आन् हे बी."